सव्वीस अंकांची एक ओळ

१८,९४७,६६८,१७७,९९५,४२६,४६२,७७३,७३०.

हा आकडा मी भाचीच्या चौकटीच्या वहीत उतरवून घेतला. एका घरात एक अंक, अशी सव्वीस घरं भरली. बेंगळुरूच्या मल्लेश्वरमला संध्याकाळची वेळ. खाली रस्त्यावर रिक्षावाला आणि गिऱ्हाईक यांचं मीटरवरून जुंपलं होतं. भाची सहावीत आहे. तिनं पेन्सिलीचं टोक एकेका घरावर टेकवत नेलं आणि म्हणाली, "मामा, ह्यात सातच सात आहेत."

खरं होतं तिचं. सहा सात आहेत. त्यांच्याकडे येतोच, पण आधी हा आकडा कुणाचा ते सांगायला हवं.

१८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संगणक विभागानं दोन तेरा अंकी संख्या काढल्या. कुठल्याही, हाताला लागतील त्या. ७,६८६,३६९,७७४,८७० ही एक आणि २,४६५,०९९,७४५,७७९ ही दुसरी. बेंगळुरूत जन्मलेल्या शकुंतलादेवींनी त्यांचा मनातल्या मनात गुणाकार केला आणि वरचं उत्तर म्हणून दाखवलं. वेळ लागला २८ सेकंद, तोही उत्तर म्हणण्याच्या वेळेसकट. १९८२ च्या गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

तेव्हापासून आजवर जो तो त्या अठ्ठावीस सेकंदांबद्दल बोलतो. मृत्युलेखांत सेकंद, २०२० मध्ये आलेल्या विद्या बालनच्या सिनेमाच्या गप्पांत सेकंद, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या भाषणात सेकंद. उत्तराचा आकडा छापतात, पण तो वाचायचा असतो हे कुणाच्या ध्यानात नसतं. वाचकाची नजर पहिल्या स्वल्पविरामापाशीच थकते आणि पुढच्या वाक्यावर उडी मारते. एखाद्या कवीनं कविता किती मिनिटांत लिहिली याचंच कौतुक करत बसावं आणि कविता कुणी वाचूच नये, तसं हे झालं आहे. सेकंद तेव्हाच संपले. आकडा शिल्लक आहे. म्हणून म्हटलं, वहीत उतरवून घेऊ आणि नीट वाचू.

वाचायचा म्हणजे पहिला प्रश्न यतीचा. कुठं थांबायचं? लंडनमध्ये तो तीन-तीन अंकांच्या गटांत म्हटला गेला असणार. तसा म्हटला की मध्येच एक गंमत ऐकू येते: ६६८, १७७, ९९५. सलग तीन गट आणि प्रत्येकात एक अंक जोडीनं आलेला. त्यांच्या पाठोपाठ ४२६ आणि ४६२, म्हणजे तेच तीन अंक, फक्त शेवटच्या दोघांनी जागा बदललेल्या. आणि मग ७७३, ७३०. सुरुवातीचा १८ नि ९४७ सोडले तर ही ओळ सतत आपल्याच मागच्या शब्दाला हात लावत पुढं जाते.

आता हीच ओळ आपल्या पद्धतीनं तोडू. शेवटचे तीन, मग दोन-दोन: १,८९,४७,६६,८१,७७,९९,५४,२६,४६,२७,७३,७३०. यती बदलली आणि कविताच बदलली. ४२६ आणि ४६२ चं नातं पुसलं गेलं, ते ५४, २६, ४६, २७ मध्ये विरघळलं. पण त्याच्या बदल्यात जे मिळालं ते बघा: ६६, ८१, ७७, ९९. इंग्रजी गटांत तिसऱ्या अंकाला चिकटलेल्या जोड्या इथं सुट्या होऊन उभ्या राहिल्या. सहासष्ट, सत्त्याहत्तर, नव्व्याण्णव, तिघंही अकराच्या घरातले, आणि त्यांच्यात पाहुणा आलेला एक्याऐंशी म्हणजे नऊ नव्वे. मोठ्यानं म्हणून पाहिलं तर जिभेला सत्तेचाळीस, सत्त्याहत्तर, सत्तावीस, त्र्याहत्तर असे सातवाले शब्द पुन्हा पुन्हा लागतात. शब्दांत म्हटलं की सात कधी पुढं येतो, कधी मागं दडतो.

(बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘सत्तर सात’ आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. माझी भाची कन्नडमध्ये अंक शिकली. तिथं दशक आधी आणि एकक नंतर, सरळ चाल. तिला मराठीतलं ‘त्र्याहत्तर’ म्हणजे शब्दाला मुद्दाम मारलेली गाठ वाटते. मला ती गाठ आवडते, पण ती लहानपणी घशात अडकली होती हेही आठवतं.)

वाचून झालं, तरी आकड्याला नाव काय द्यायचं? लाख, कोटी, अब्ज यांच्या फार पलीकडे तो गेलेला. इथं भास्कराचार्य कामाला येतात. ‘लीलावती’त, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमारास, त्यांनी अठरा स्थानांची नावं दिली आहेत: एकं, दहं, शतं पासून खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी असं करत शेवटी परार्ध. एकावर सतरा शून्यं म्हणजे परार्ध. लंडनच्या त्या दोन संख्या महापद्माच्या घरातल्या, एक सात महापद्मांची, दुसरी दोन महापद्मांची. त्यांचा गुणाकार मात्र भास्कराचार्यांच्या शिडीच्या वर गेला. १८ कोटी ९४ लाख ७६ हजार ६८१ परार्ध, आणि वर ७७,९९,५४,२६,४६,२७,७३,७३० सुटे. सत्यनारायणाच्या संकल्पात गुरुजी ‘द्वितीये परार्धे’ म्हणतात तेव्हा आपण अक्षता धरून नुसती मान हलवतो. तो परार्ध ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा अर्धा भाग. आकड्यातला परार्ध निराळा, पण शब्द एकच. मोजणं जिथं थकतं तिथं आपल्या पूर्वजांनी तो ठेवून दिला होता.

एवढा मोठा म्हणजे किती? १८ कोटी परार्ध ऐकून डोळ्यांपुढं आकाशगंगाच येते. पण पाण्याचे एवढे रेणू एकत्र केले तर भरतं फक्त ५६७ मिलिलिटर पाणी. एक लहान तांब्या. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर कधी येणार यावर रोज चर्चा व्हायची, तेव्हा मी हा हिशेब केला होता. शकुंतलादेवींचं उत्तर रेणूरेणूनं मोजून दिलं असतं तर अर्धी बादलीही भरली नसती.

आता सातांकडे. भाचीचं म्हणणं पुढं होतं: "एवढे सात आहेत म्हणजे सातानं भाग जाणारच." लहान मुलांचं हे तर्कशास्त्र मला फार आवडतं, ज्या घरात सहा जण एकाच आडनावाचे, त्या घरावर पाटी त्याचीच असणार. आम्ही भागून पाहिलं. सगळा भागाकार मांडायची गरज नसते. १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. त्यामुळं उजवीकडून तीन-तीनचे गट करून एकदा मिळवायचा, एकदा वजा करायचा, की जे उरतं त्यालाच भागून बघायचं. ७३० वजा ७७३, मग अधिक ४६२, वजा ४२६, अधिक ९९५, वजा १७७, अधिक ६६८, वजा ९४७, अधिक १८. उरले ५५०. पाचशे पन्नासला सातानं भागलं की बाकी चार. सहा सात असूनही सातानं भाग जात नाही. भाचीचा चेहरा उतरला.

पण ५५० म्हणजे अकरा पन्नास! सातानं दगा दिला, आणि ज्याचं नावही कुणी घेतलं नव्हतं त्या अकरानं हात पुढं केला. या सव्वीस अंकी आकड्याला अकरानं निःशेष भाग जातो. हे कुठून आलं असेल म्हणून मूळच्या दोन संख्या तपासल्या, तर दुसरी संख्या अकराची निघाली: २,४६५,०९९,७४५,७७९ म्हणजे ११ गुणिले २२४,०९९,९७६,८८९. पहिलीच्या शेवटी शून्य आहे आणि अंकांची बेरीज ७८, म्हणून ती दहाची आणि तीनचीही. म्हणजे उत्तराच्या आत ३३० दडलेला आहे. दोन, तीन, पाच, अकरा असे पहिल्या पाच मूळ संख्यांतले चार हजर, आणि गैरहजर नेमका सातच. तीनशे तीस बाजूला काढला की मागं दोन बारा अंकी संख्या उरतात, २५६,२१२,३२५,८२९ आणि २२४,०९९,९७६,८८९. त्यांना मी तेवीसपर्यंतच्या मूळ संख्या एकेक लावून पाहिल्या; एकीनंही भाग गेला नाही. तिथं चहा आला आणि मी पेन ठेवला. गुणाकार हा उतार आहे आणि अवयव काढणं ही चढण. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी या चढणीवरच गुप्तलेखनाची पद्धत उभी केली. त्यांच्या आव्हानातला १२९ अंकी आकडा फोडायला १९९४ साल उजाडलं.

ताळ्याची गोष्टही इथंच सांगून टाकतो. उतरवताना माझ्या हातून एक चूक झाली होती, ९९५ ऐवजी ९५५ लिहिलं होतं. वडील बँकेत कारकून होते. खातेवहीच्या कुठल्याही मोठ्या गुणाकाराखाली ते पेन्सिलीनं फुली काढून ताळा मांडायचे. ती सवय हाताला आहे. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ७८. सात अधिक आठ पंधरा, एक अधिक पाच सहा. दुसरीची ७४, म्हणजे अकरा, म्हणजे दोन. सहा दुणे बारा, एक अधिक दोन तीन. उत्तराचा ताळा तीन यायला हवा. माझा आठ येत होता. पुन्हा एकेक घर तपासलं आणि नवाच्या जागी पाच सापडला. दुरुस्त केल्यावर अंकांची बेरीज १३८, तिची बारा, तिची तीन. जुळलं.

पण नवाच्या ताळ्याला एक आंधळेपणा आहे आणि तो या आकड्यात नेमका उघडा पडतो. ४२६ आणि ४६२ यांची मी अदलाबदल केली असती तर? बेरीज तीच, ताळा तोच, उत्तर मात्र चुकीचं. नवाला अंक दिसतात, त्यांच्या जागा दिसत नाहीत. तिथं १००१ चा ताळा लागतो: पहिल्या संख्येचे गट आळीपाळीनं घेतले की उरतात उणे २१४, दुसरीचे उणे ३३०, त्यांचा गुणाकार ७०,६२०, त्यातून १००१ चे सत्तर काढले की राहतात बरोबर ५५०. हेच ५५० वर आपल्याला उत्तरातून मिळाले होते. जागा बदलल्या असत्या तर ४७८ आले असते. ज्यांना गणितात रस नाही त्यांना हे दोन ओळींचं काम रुक्ष वाटेल. मला मात्र त्या ५५० पाशी अंगावर काटा आला. लंडनमध्ये १९८० साली एका बाईनं उच्चारलेला आकडा मल्लेश्वरमच्या एका चौकटीच्या वहीत खरा ठरला होता.

हर्षद संख्येची आठवण इथं होणं साहजिक आहे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ते नाव दिलं: आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला भाग जातो ती हर्षद, हर्ष देणारी. अठरा हर्षद आहे, कारण एक अधिक आठ नऊ. आपल्या आकड्याची बेरीज १३८, म्हणजे सहा तेवीस. सहानं भाग जातो. तेवीसनं बाकी राहते तीन. हुकला! कापरेकरांसमोर ही वही ठेवली असती तर त्यांनी तो तीन पाहून चुकचुकत दुसरी एखादी युक्ती लावली असती, असं मला उगीच वाटतं. ते आकड्यांशी असंच खेळायचे आणि व्यावसायिक गणितज्ञ त्यांना फारसं मोजत नसत, मार्टिन गार्डनरनं १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहीपर्यंत तरी.

शकुंतलादेवींनाही गणितज्ञांनी आपलं कधी म्हटलं नाही. वडील सर्कशीत, मुलगी तीन वर्षांची असताना पत्त्यांचा खेळ करताना तिची आकड्यांवरची पकड त्यांच्या लक्षात आली. सहाव्या वर्षी म्हैसूर विद्यापीठात प्रयोग, १९४४ मध्ये वडिलांबरोबर लंडन. औपचारिक शिक्षण जवळजवळ नाहीच. पुढं ज्योतिष, पाककृती, कोडी, समलिंगी व्यक्तींवरचं १९७७ चं पुस्तक, आणि १९८० च्या निवडणुकीत दक्षिण मुंबई आणि मेदक अशा दोन ठिकाणी अपक्ष उमेदवारी, मेदकला तर थेट इंदिरा गांधींविरुद्ध. त्याच वर्षी जूनमध्ये लंडन.

तर त्या दिवशी डोक्यात काय चाललं असेल? डोक्यात शिरता येत नाही, पण कागदावर एखाद्या वाटेनं चालून पाहता येतं. दोन्ही संख्या एकमेकींखाली ठेवायच्या आणि उजवीकडून तिरके गुणाकार घ्यायचे. एकक: ० गुणिले ९, शून्य. उत्तराचा शेवटचा अंक फुकट मिळाला. दशक: ७ गुणिले ९, त्रेसष्ट, तीन लिहा, सहा हातचे. शतक: ८ गुणिले ९ आणि ७ गुणिले ७, मिळून १२१, हातचे सहा धरून १२७, सात लिहा, बारा हातचे. त्यापुढं: ४ नव्वे छत्तीस, ८ सत्ते छप्पन्न, ७ सत्ते एकोणपन्नास, मिळून १४१, अधिक बारा १५३, तीन लिहा, पंधरा हातचे. उजवीकडून ०, ३, ७, ३ असे अंक एकेक करून पडू लागतात. प्रत्येक स्तंभाला तिरक्यांची संख्या वाढत जाते, मध्यावर तेरापर्यंत, मग उतरते. तेरा गुणिले तेरा म्हणजे १६९ छोटे गुणाकार. दोन्ही संख्यांत एकेक शून्य आहे म्हणून खरे करावे लागतात १४४. उत्तर नुसतं मोठ्यानं म्हणायला मला घड्याळ लावून दहा सेकंद लागले. म्हणजे उरलेल्या अठरात १४४ गुणाकार, दर सेकंदाला आठ, वर बेरजा आणि हातचे निराळे.

ही तिरकी पद्धत आजकाल ‘वैदिक गणित’ या नावानं शिकवणीवर्गांत मिळते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वरच्या ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत ती वज्राभ्यासाच्या रीतीनं समजावली आहे, आणि मंदबुद्धीच्या माणसाला ती गुरूच्या तोंडून ऐकल्याशिवाय जमणार नाही असंही बजावलं आहे. वज्र म्हणजे वीज. आडव्या-तिडव्या कोसळणाऱ्या रेघा. नाव मला पटतं. शिकवणीवर्गांतल्या फळ्यावर ती दोन-दोन अंकांची असते, तेव्हा विजेऐवजी पतंगाच्या काड्यांसारखी दिसते.

लंडनच्या त्या अठ्ठावीस सेकंदांवर सगळ्यांनी विश्वास ठेवला असं नाही. अशा तोंडी गणित करणाऱ्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या स्टीव्हन स्मिथ यांना हा पराक्रम तोवरच्या सगळ्या नोंदींच्या इतका पुढचा वाटला की त्यांनी तो अविश्वसनीयच म्हटला. दुसरीकडे बर्कलीचे मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी १९८८ मध्ये शकुंतलादेवींच्या चाचण्या घेतल्या: ६१,६२९,८७५ चं घनमूळ (३९५) आणि १७०,८५९,३७५ चं सातवं मूळ (१५) त्यांनी जेन्सन आकडा वहीत उतरवून घेण्याआधीच सांगितलं, साध्या प्रतिक्रिया-वेळेच्या चाचण्यांत मात्र त्या चारचौघांसारख्याच निघाल्या. दोन्ही बाजूंचे लोक पुन्हा सेकंदांचंच भांडण भांडत होते, एवढं मात्र नोंदवतो.

आता दुसऱ्या एका आकड्याकडे जायला हवं, कारण त्याच्याशेजारी ठेवल्याशिवाय या सव्वीस अंकी ओळीचा स्वभाव कळत नाही. १९७७ मध्ये डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात शकुंतलादेवींनी २०१ अंकी एका संख्येचं तेविसावं मूळ ५० सेकंदांत काढलं. युनिव्हॅक संगणकाला ६२ सेकंद लागले. तो महाकाय आकडा ९१६ पासून सुरू होतो आणि ७७१ वर संपतो. उत्तर नऊ अंकी: ५४६३७२८९१.

पुन्हा यती लावून बघा. ५४, ६३, ७२... ओळखलंत? नऊ सक चोपन्न, नऊ सत्ते त्रेसष्ट, नऊ अठ्ठे बहात्तर. पुढं यायला हवं नऊ नव्वे एक्याऐंशी, आणि आलंय ८९१: आठ आणि एक यांच्यामध्ये स्वतः नऊच येऊन बसला आहे. एक ते नऊ सगळे अंक एकेकदाच. नवानं भागा, उत्तर येतं ६,०७,०८,०९९. सहा, सात, आठ, नव्व्याण्णव. आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम दिले की पाढ्याचा गुणकच ओळीत उभा राहतो; इंग्रजी गटांत, ६०,७०८,०९९ असं लिहिलं की तो दिसतही नाही. हे मला चहाच्या कपाच्या कडेला मारलेल्या भागाकारात दिसलं आणि मी घरात कुणाला सांगू असा इकडेतिकडे बघत राहिलो.

हा आकडा कुणीतरी रचलेला आहे. निवडणाऱ्यानं मनात पाढा म्हणत म्हणत तो निवडला असणार, शेवटच्या पायरीवर मुद्दाम पाय घसरवून. त्याच्यात हात दिसतो, हातातली पेन्सिल दिसते. सुनीत किंवा आर्या रचणाऱ्याला जसं बंधन हवं असतं, तसं इथं नवाचं बंधन घेतलेलं आहे.

लंडनच्या दोन संख्यांमागं असा कुणी नाही. त्या कशाही काढलेल्या, आणि त्यांचा गुणाकार तर त्यांच्याही इच्छेबाहेरचा. म्हणूनच त्यातल्या ६६, ७७, ९९ बद्दल मी फार नाचणार नाही. सव्वीस अंक कुठूनही उचलले तर त्यांत असं काही ना काही दिसतंच. ढगात जसा हत्ती दिसतो. या ओळीत शून्यापासून नवापर्यंत दहाही अंक हजर आहेत, हे मला आधी मोठं नवल वाटलं होतं. मग हिशेब केला: कुठल्याही सव्वीस अंकांत दहाही सापडण्याची शक्यता शंभरात अठ्ठेचाळीस. छापा-काट्यापेक्षा थोडी कमी. एकच पाच, एकच शून्य. त्या दोघांपैकी एक जरी सुटला असता तरी हजेरी मोडली असती.

तरीही या दोहोंत मला लंडनचाच आकडा अधिक प्रिय आहे. डॅलसच्या उत्तराचं कोडं सुटलं की ते सुटतं. पाढा ओळखला, नवानं भागलं, टाळी दिली, झालं. कवीनं ठेवलेलं सगळं वाचकाच्या हाती आलं. लंडनच्या उत्तरात कुणी काहीच ठेवलेलं नाही, त्यामुळं तिथं सापडलेला अकरा हा माझा आणि भाचीचा आहे. ती सेकंद मोजणारी मंडळी, तो संगणक विभाग, खुद्द शकुंतलादेवी, कुणालाही त्या अकराशी कर्तव्य नव्हतं. त्या फक्त एकेक अंक खाली पाडत होत्या, आणि अकरा त्यांच्या पायाखालून मुकाट्यानं गेला.

भाचीला मात्र हे मान्य नव्हतं. तिचा सात गेला होता. आम्ही जेवायला बसलो तरी ती वही घेऊन बाकीशी झगडत होती. "बाकी चार येते ना? मग तीन मिळवले तर?" असं म्हणून तिनं खोडरबर घेतला, शेवटच्या घरातलं शून्य नीट खोडलं, फुंकर मारली आणि तिथं तीन लिहिला. ७७३,७३३. पुन्हा सगळे गट मिळवले, वजा केले. ५५३. सात सत्ते एकोणपन्नास, सात नव्वे त्रेसष्ट... सातानं भाग गेला.

"आता जातो," ती म्हणाली.

मी म्हटलं, "पण अकरा गेला. आणि शून्यही. एकच होतं."

तिनं वहीकडे बघितलं, खोडलेल्या जागी अजून पुसटसं गोल दिसत होतं. मग खालच्या ओळीत, एका घरात एक अंक असा, तिनं मूळ आकडा पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला.